अण्णांनी नंबरात लावलेल्या ट्रॉल्या

अण्णांच्या शर्टाच्या खिशात सुटी नाणी वाजली, तिथून माझ्या संशयाला सुरुवात झाली.

आम्ही जेवायला बसत होतो. अबुधाबीतला आमचा फ्लॅट लहान, टेबल सोफ्याला चिकटून. खुर्चीत शिरताना माझे वडील वाकले आणि खिशात खुळखुळ झाली. त्यांना येऊन तीन आठवडे झाले होते. आल्या दिवशी मी त्यांना पन्नास दिरहमची एक नोट दिली होती. ती त्यांनी पासपोर्टात ठेवली होती आणि अजून तिथेच होती, हे मला माहीत होतं. कसं माहीत होतं, तेही सांगतो. मी त्यांचा पासपोर्ट उघडून पाहिला होता. व्हिसाची तारीख बघायला, असं मी स्वतःला सांगितलं होतं.

नोट मोडलेली नाही, मग सुटे पैसे कुठले?

तिथल्या तिथे विचारलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. मी एका बांधकाम कंपनीत क्वांटिटी सर्व्हेअर होतो. सब-कॉन्ट्रॅक्टरनी घातलेली बिलं तपासणं हे माझं काम. वीस मीटर पाइप टाकला असं कोणी लिहिलं, की अठराच टाकला असणार असं धरून टेप घेऊन साइटवर जायचं. विचारून कळत नाही, मोजूनच कळतं, हे मी आठ वर्षांत शिकलो होतो. ते ऑफिसातच ठेवून घरी यावं, एवढं मात्र शिकलो नव्हतो.

अण्णा साखर कारखान्यात केनयार्ड सुपरवायझर होते. हंगामात उसाच्या बैलगाड्या शेकड्यांनी येत. त्यांना आल्या क्रमाने नंबरात उभं करायचं, मध्ये कोणाला घुसू द्यायचं नाही, आणि काट्यावर एकेक सोडायची. हे त्यांनी बत्तीस वर्षं केलं. संचालकाच्या भावकीतली गाडी असली तरी आपण नंबर मोडू दिला नाही, एवढी एकच बढाई ते मारत. आई गेल्यावर ते कराडला दोन खोल्यांत एकटे राहिले. माझी मोठी बहीण, अक्का, त्याच गावात दिलेली. ती रोज बोलवायची. पण लेकीच्या दारात जाऊन राहायचं, ही कल्पना त्यांना सहन होत नव्हती.

त्यांना कायमचं इकडे आणायचं हे माझ्या बायकोने सुचवलं. मी सुचवलं नाही, ही पहिली कबुली. ती म्हणाली, “अहो, दोन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर आणू, आणि तेवढ्यात तुमच्या नावावर त्यांचा रहिवासी व्हिसा करून टाकू.” मी हो म्हणालो. सॅलरी सर्टिफिकेट, घराचा करार, प्रतिज्ञापत्र, सगळे कागद मी गोळा करायचे आणि मीच नेऊन द्यायचे. अण्णा आमच्याकडे राहणार की परत जाऊन अक्काच्या दारात उभे राहणार, हे त्या कागदांवर होतं.

आता नाण्यांकडे येतो.

माझ्या गाडीच्या ॲशट्रेमध्ये मी दिरहमची चार-पाच नाणी कायम ठेवत असे, ट्रॉलीसाठी. आमच्या घराजवळ तेव्हा एक मोठं सुपरमार्केट नवीनच झालं होतं. तिथल्या ट्रॉल्या एकमेकींना साखळीने बांधलेल्या असत. दांड्यावरच्या डबीत एक दिरहम घातला की साखळी सुटायची. परत आणून रांगेत लावली, पुढच्या ट्रॉलीच्या साखळीची चावी आपल्या डबीत खुपसली, की आपला दिरहम बाहेर यायचा. पार्किंगमध्ये लोक हातातली रिकामी ट्रॉली आणि तुमच्या हातातला दिरहम यांची चालता चालताच अदलाबदल करत. “यल्ला, टेक, टेक,” म्हणत कोणी ट्रॉली पुढे करी. मी कधीच घेतली नाही. डबीत दिरहमऐवजी लोखंडी वॉशर असला तर? मी रांगेपर्यंत जाऊन स्वतःच्या हाताने नाणं घालायचो, आणि परत लावताना तेच नाणं बाहेर आलंय का, ते बघायचो. बायको हसायची.

खुळखुळ ऐकली त्या रात्री मी खाली जाऊन ॲशट्रे पाहिला. चार नाणी होती. आधी चार होती की पाच, ते आठवेना. तेव्हापासून मी आकडा लक्षात ठेवू लागलो. आठवडाभर तो चारच राहिला, आणि अण्णांचा खिसा मात्र रोज वाजत होता.

मग मुलीचा गल्ला. ती सहा वर्षांची होती. मी तिला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “बाळा, आजोबा तुझ्या गल्ल्यातून पैसे घेतात का गं?”

“नो, डॅडी. आजोबा पुट्स मनी इन इट. यू डोन्ट.”

लाज वाटायला हवी होती. मला वाटलं, आता हे आणखीच अवघड झालं. वाटण्याइतके पैसे आहेत तर.

मी बायकोला विचारलं, “अण्णा सकाळी कुठे जातात?”

“फिरायला. हवा चांगली आहे हल्ली.”

“किती वेळ?”

“दोन तास. कधी अडीच.”

“अडीच तास काय फिरतात?”

“तुम्ही त्यांनाच विचारा ना,” ती म्हणाली, आणि सिंककडे वळून नळ सोडला. भांडी घासून झालेली होती. नळ कशाला सोडला, हे मी मनात टिपून ठेवलं. हिला काहीतरी माहीत आहे. हा माझा एकच संशय खरा निघाला, पण मला वाटलं होतं त्या कारणाने नाही.

त्या दिवसांत मी काय काय मनात आणलं, ते लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. अण्णा कोणाच्या दुकानात बसतात का? व्हिजिट व्हिसावर काम करणं गुन्हा, स्पॉन्सर मी, सापडले तर माझी नोकरी. खालच्या नातूरबरोबर, म्हणजे वॉचमनबरोबर, काही जमवलंय का? कोणी म्हातारा समजून त्यांच्या हातावर पैसे ठेवतं का? आणि ते घेतात का? बत्तीस वर्षं कोणाचा चहासुद्धा न घेतलेल्या माणसाबद्दल मी हे मनात आणत होतो, आणि समोर बसून त्यांच्या पानात भात वाढत होतो.

अण्णा मात्र मजेत होते. आले तेव्हा खांदे पडलेले, बोलणं नाही. आता सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, टोपी डोक्यावर ठेवून निघत. परत आले की भूक लागलेली असे. “इथली माणसं चांगली आहेत, पण लावणीला शिस्त नाही,” असं ते एकदा जेवताना म्हणाले. “मिळेल तिथं सोडून जातात.” मला वाटलं, गाड्यांच्या पार्किंगबद्दल बोलतायत. बायको पानाकडे बघून हसली. तेही मी टिपलं.

आमच्या ऑफिसात एक पुणेकर सीनियर होते, राहायला आमच्याच बिल्डिंगमध्ये. मंडळाच्या गणपतीत खुर्च्या मांडण्यापासून आरतीपर्यंत सगळीकडे पुढे. पॅन्ट्रीत चहा घेताना, इतर तिघं-चौघं उभी असताना, ते मला म्हणाले, “काय रे, वडिलांना एम्प्लॉयमेंट व्हिसा मिळाला वाटतं?”

“नाही सर. रेसिडेन्सचं करतोय. का?”

“नाही, आमची मिसेस परवा सुपरमार्केटला गेली होती. तिची ट्रॉली घेऊन गेले ना ते. टोपीवाले. हिला वाटलं, सुपरमार्केटनेच माणूस ठेवलाय. हिने दिरहमचं काही विचारलं नाही म्हणा. राहू दे म्हणाली, म्हातारा माणूस आहे. मग लिफ्टपाशी तुझी मिसेस भेटली तेव्हा कळलं की हे तर...”

“अरे, मग आता माझीही ट्रॉली सांगून ठेव!” दुसरा कोणीतरी म्हणाला, आणि सगळे हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं. मीही हसलो. पण कान तापले ते संध्याकाळपर्यंत गार झाले नाहीत.

पुढच्या गुरुवारी मी साइटवर जातो सांगून सकाळीच ऑफिसातून निघालो. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये एका खांबाआड गाडी लावली आणि आत बसून राहिलो. सब-कॉन्ट्रॅक्टरचे मजूर किती आले ते मोजायला मी असाच बसायचो.

अण्णा होते. पांढरा शर्ट, टोपी. एक अरब बाई ड्रायव्हरकडून सामान गाडीत भरून घेत होत्या. अण्णा चार हात लांब, हात मागे बांधून थांबले. शेवटची पिशवी गेली तसे पुढे झाले, ट्रॉलीच्या दांड्याला हात लावला, “शुक्रान” म्हणाले. बाईंनी मान हलवली. अण्णांनी ट्रॉली रांगेत नेली, चावी खुपसली, दिरहम काढून खिशात टाकला. मग रांगेच्या टोकाला जाऊन एक डोळा मिटून रांग सरळ आहे का ते पाहिलं. एक ट्रॉली जरा बाहेर होती. ती त्यांनी गुडघ्याने आत सारली. मग ते फुटपाथने आमच्या बिल्डिंगच्या दिशेला गेले आणि दहा मिनिटांनी, कोणीतरी घरापर्यंत नेऊन तिथेच टाकलेल्या दोन ट्रॉल्या ढकलत परत आले.

मी तासभर पाहत होतो. त्या तासात अण्णा एकदाही दबकले नाहीत, इकडेतिकडे पाहिलं नाही. चोरी करणारा माणूस कसा दिसतो, ते मला धंद्याने माहीत होतं. हा माणूस कामावर होता.

ते घरी निघाल्यावर मी गाडीतून उतरलो. ट्रॉल्या गोळा करणारा सुपरमार्केटचा माणूस तिथेच होता, हिरव्या युनिफॉर्ममध्ये, साधारण माझ्या वयाचा, करीमनगरकडचा. मी त्याला हिंदीत विचारलं, तो टोपीवाला बाबा कोण?

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी सीआयडीचा की कंपनीचा, हे तो जोखत होता. “क्यों साब? कंप्लेंट है?”

“नहीं. ऐसे ही.”

“अच्छा आदमी है, साब. लाइन हमसे अच्छा लगाता. हमको भी बोलता, नंबर नहीं तोड़ने का.” मग म्हणाला, “बस वो कॉइन... बाहर पड़ा हुआ ट्रॉली का कॉइन हमको मिलता था. उसी में हमारा चाय-नाश्ता निकल जाता था. बुड्ढा आदमी है, क्या बोलेगा. बोला नहीं.”

तो माझा बाप आहे, हे मी त्याला सांगितलं नाही.

घरी गेलो. अण्णा आंघोळीला गेले होते. स्वयंपाकघराच्या ओट्यावर तीन नाणी होती. मी बायकोला म्हणालो, “तुला माहीत होतं.”

“हो,” ती म्हणाली. “रोज ठेवतात. सूनबाई, भाजीला घे, म्हणतात. मी घेते. कोथिंबीर आणते, ब्रेड आणते.”

“ते पैसे कुठले, हे माहीत आहे?”

“माहीत आहे. त्यांना वाटतं, ट्रॉली जागेवर लावली की दुकान पैसे देतं. आधी नाणं घालावं लागतं हे त्यांना माहीतच नाही.”

“आणि तू सांगितलं नाहीस?”

“किती दिवसांनी त्यांना कशाचं तरी बरं वाटत होतं. आज सांगेन, उद्या सांगेन, करत राहिले. चुकलं माझं. पण तुम्ही महिनाभर बघताय, तुम्ही एकदा तरी विचारलंत का?”

तेवढ्यात अण्णा टॉवेलने डोकं पुसत बाहेर आले. मी त्यांना बसायला सांगितलं आणि सगळं सांगितलं. साखळी, डबी, आधी घालायचं नाणं. बोलताना माझा आवाज बिल नाकारतानाचा झाला होता, ते मला ऐकू येत होतं.

अण्णांनी मध्ये एकदाच विचारलं, “म्हणजे ती गिऱ्हाइकाची अनामत?”

“हो.”

“तूच म्हणालास की, ठेवा तुम्हाला.”

मी कधी म्हणालो? मग आठवलं. पहिल्या शुक्रवारी आम्ही सगळे गेलो होतो. यांना दारात सोडून मी गाडी लावली, नाणं घालून ट्रॉली घेऊन आलो. नाणं घालताना अण्णांनी पाहिलंच नव्हतं. सामान भरल्यावर मीच त्यांना पाठवलं होतं, एवढी ट्रॉली त्या रांगेत लावून या म्हणून. चावी कुठे खुपसायची ते मी सांगितलं होतं. ते तळहातावर दिरहम घेऊन आले आणि म्हणाले, “गाडी लावली तर हे पडलं बाहेर. काय करू?” मी एसी वाढवण्याच्या नादात होतो. “ठेवा तुम्हाला,” म्हणालो. “किती होतात आपले?” “बारा रुपये.” मागच्या सीटवर ते स्वतःशीच म्हणाले होते, “एका गाडीला बारा रुपये. मोठा कारखाना आहे.”

तेव्हा मी हसलो होतो.

“त्या हिरव्या कपड्यातल्या माणसाचे पैसे मी खाल्ले मग,” अण्णा म्हणाले. त्यांनी टॉवेलची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. “त्याने एका शब्दाने सांगितलं नाही. चहा पाजायचा मला.” मग उठून शर्टाच्या खिशातली, पिशवीतली, होती नव्हती ती सगळी नाणी आणून टेबलावर ठेवली. बायकोने भाजीला खर्च झालेली आपल्या पर्समधून घातली. “चल,” अण्णा म्हणाले, “आत्ता जाऊन देऊन येतो. पाया पडून देतो.”

“तुम्ही नका जाऊ,” मी म्हणालो.

“का?”

“लोक बघतात, अण्णा.”

ते माझ्याकडे बघत राहिले. आतापर्यंत त्यांना वाटत होतं की आपण चुकलो. आता त्यांना कळलं की आपली लाज वाटते. या दोन्हींतला फरक त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसला.

“तू देशील?”

“मी देतो.”

दुसऱ्या दिवशी मी नाण्यांची पिशवी गाडीत घेऊन निघालो. पार्किंगमध्ये गेलोसुद्धा. तो माणूस दिसला. पण त्याला देताना सांगावं लागलं असतं की मी त्या बाबांचा मुलगा, आणि काल मी ते लपवलं. मी गाडी वळवली. पिशवी डिकीत टाकली. संध्याकाळी अण्णांनी विचारलं, “दिलेस का?”

“दिले.”

“काय म्हणाला?”

“काही नाही. सलाम सांगितलाय.”

अण्णांनी मान डोलावली. खोटं एवढं सोपं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. ते कळलं नसतं तर पुढचं खोटं कदाचित जमलं नसतं.

अण्णांनी सकाळचं जाणं बंद केलं. दाढी एक दिवसाआड झाली. बाल्कनीत खुर्ची टाकून बसत. त्याच आठवड्यात व्हिसाचे कागद पूर्ण झाले. टायपिंग सेंटरमध्ये अरबीत अर्ज भरून घेतला, सह्या झाल्या, प्रतिज्ञापत्रावर शिक्का झाला. मी ऑफिसातून रजा घेतली. निघताना बायकोने फाइल हातात दिली आणि देवाला साखर ठेवली. अण्णा दारापर्यंत आले. “घाई करू नको, नंबराने जा,” म्हणाले.

इमिग्रेशनच्या पार्किंगमध्ये मी गाडी लावली. फाइल मांडीवर घेतली. दारातून माणसं आत-बाहेर करत होती. फार तर तासाभराचं काम होतं.

मी उतरलो नाही.

का, ते अनेक वर्षं मी स्वतःला वेगवेगळं सांगितलं. खर्च. मुलीला पुढे वेगळी खोली लागेल. अण्णांना इथला उन्हाळा सोसणार नाही. खरं असं, की मला पॅन्ट्रीतलं हसणं ऐकू येत होतं. आज ट्रॉली झाली, उद्या आणखी काही होईल. हा माणूस आपल्या सरळ मनाने कुठेतरी जाऊन उभा राहील, कोणीतरी मला येऊन सांगेल, आणि मी आयुष्यभर खांबाआड गाडी लावून बसेन. मला माझ्या वडिलांचा संशय नव्हताच आता. मला थकवा आला होता, संशय घेण्याचा. तो थांबवण्याचे दोन मार्ग होते. मी वाईट माणसाचा निवडला.

कॉर्निशच्या किनाऱ्यावर जाऊन समुद्राकडे तोंड करून दोन तास बसलो. मग घरी गेलो.

“रिजेक्ट झालं,” मी म्हणालो. “भारतात मुलगी आहे ना, मग तुम्हीच एकटे आधार कसे, असं म्हणाले. खलास. नाही होणार.”

बायकोने विचारलं, “काही लेखी दिलं?”

“तसं देत नाहीत.”

“मग फाइल परत दिली?”

“दिली ना. ही काय.”

तिने फाइल घेतली, उघडली, पहिलं पान पाहिलं, बंद केली. फाइल आत नेल्यावर मला वाटलं, सरकारी ऑफिसात जाऊन आलेल्या कागदावर काहीतरी खूण होते. तारीख, शिक्का, पेनाची एखादी रेघ. आमचे कागद सकाळी होते तसेच नवे, कडकडीत होते.

अण्णा माझ्या शेजारी येऊन बसले. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. लहानपणीसुद्धा त्यांनी असा हात ठेवल्याचं मला आठवत नाही. “तू मनाला लावून घेऊ नको,” ते म्हणाले. “सरकारी काम. तुझ्या हातात असतं तर तू केलं नसतंस का?”

मी मान खाली घालून हो म्हणालो.

विमानतळावर सोडायला मी एकटाच गेलो, मुलीची शाळा होती. बॅग उतरवताना अण्णा एवढंच म्हणाले, “सूनबाईशी भांडू नको माझ्यावरून. ती सांगणारच होती मला.” मग पासपोर्टातून पन्नासची ती नोट काढून माझ्या हातात दिली. “इथं चालते, तिथं काय करू?” मी नको म्हणालो. त्यांनी माझी मूठ दाबून बंद केली आणि आत गेले. मी काचेतून बघत राहिलो. चेक-इनच्या रांगेत एकजण मध्येच घुसू बघत होता. अण्णांनी त्याच्या खांद्याला बोट लावून त्याला मागे पाठवलं.

कराडला ते सहा महिने आपल्या खोल्यांत राहिले, मग पडल्याचं निमित्त झालं आणि अक्काकडे गेले. मी दर शुक्रवारी फोन करायचो. “बरं आहे,” म्हणायचे. व्हिसाचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही, एकदाही नाही. हे मला सुरुवातीला बरं वाटायचं. नंतर त्याचीच शंका येऊ लागली. कायमचा राहायला आलेला माणूस एकदा तरी विचारील ना, पुन्हा अर्ज करून बघतोस का म्हणून?

पुढे चार वर्षांनी ते गेले. आम्ही दोघं कराडला पोचेपर्यंत सगळं झालं होतं. दहाव्याच्या दुपारी अक्काच्या माजघरात बसलो होतो. बायको जवळच तांदूळ निवडत होती. अक्का म्हणाली, “तुला एक विचारू का? अण्णा सगळ्यांना सांगायचे, पोरगा कायमचं ठेवून घेत होता, मीच नको म्हणालो, मला करमेना तिथं. माझ्या सासूला सांगितलं, डॉक्टरला सांगितलं. पण तू तर मला फोनवर म्हणाला होतास, व्हिसा मिळाला नाही. मग खरं काय झालं होतं रे?”

माझ्या खोट्यावर बापाने आपलं दुसरं खोटं रचलं होतं. मुलीच्या दारात राहताना मुलाचा कमीपणा नको म्हणून रचलं असेल. मग त्यांना माझं खोटं माहीत नव्हतं, असंही असू शकेल. किंवा त्या संध्याकाळी गुडघ्यावर हात ठेवला, तेव्हाच त्यांना सगळं कळलेलं असेल. मी पुन्हा पुन्हा त्या हाताचं वजन आठवून बघतो, आणि मला ठरवता येत नाही.

अक्का उत्तराची वाट बघत होती.

“व्हिसा मिळाला नाही,” मी म्हणालो.

बायकोने सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. वर पाहिलं नाही.